शक्ती वरून खाली आली त्याची हकिगत

ऊर्ध्वधाम आश्रम, कोठीची खोली,
मुनी की रेती, ऋषिकेश.
दि. १४ फेब्रुवारी १९९१, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे.

(आज अमावास्या आहे हे मला माहीत आहे, आणि अमावास्येला कोणाला पत्र लिहू नये हेही माहीत आहे. पण उद्यापर्यंत थांबायचा धीर नाही. हे लिहायला बसण्याआधी मी ध्यानाच्या सभागृहातून परत आलेल्या घोंगड्यांच्या घड्या घालत होतो. एका घोंगडीच्या तीन घड्या घातल्या आणि मग तिच्यात तोंड खुपसून थोडा वेळ बसलो. ती घोंगडी वेगळी ठेवली आहे, कारण ती आता धुवावी लागेल.)

परमपूज्य घनानंदमामा, तुमच्या पायांवर भाचा विद्यादत्त डोकं ठेवतो, आणि खरं सांगायचं तर ते तिथेच राहू द्यावं, परत उचलून घेऊ नये, असं त्याला वाटतं आहे. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला कमी झाला का? त्यांना माझा नमस्कार, सेवा-सौंली सांगा आणि रात्री छातीला मोहरीचं तेल चोळायला सांगा. गाय व्यायली असेल तर अभिनंदन, नसेल तर व्यायच्या वेळी व्यायेल, तिची काळजी करू नये. काळजी करायची तर माझी करावी. मी शरीरानं ठीक आहे. उजव्या तळहाताला फोड आहे आणि जीभ थोडी भाजली आहे, त्याचं कारण पुढे क्रमानं येईल. मनानं मात्र मी संपलो आहे. दमयंतीचं लग्न दुसऱ्याशी ठरतं आहे आणि ते ठरवणारा, मामा, मीच आहे.

आईनं तुम्हाला सुबेदार चक्रधर डोभालांबद्दल कळवलं असेल. फलटणीतून निवृत्त होऊन ते आमच्या आश्रमाच्या मागच्या गल्लीत राहतात. एक म्हैस, एक बायको आणि एक मुलगी असा त्यांचा संसार (हा क्रम माझा नव्हे, ते स्वतः याच क्रमानं सांगतात). मुलगी म्हणजे दमयंती. पत्रिका जुळल्या, सुबेदारीणबाईंनी मला बसवून गुळाचे अरसे खाऊ घातले, तिसऱ्या अरशाला मी नको म्हटलं तेव्हा “लाजतोय पोरगा, चांगल्या घरचा आहे” असंही म्हणाल्या. सगळं ठरल्यातच जमा होतं. पण सुबेदारांची कुंडलिनी सहा वर्षांपूर्वी जागी झालेली आहे आणि तिथेच माझं नशीब झोपलं. (‘कुंडलिनी’ या शब्दात ‘लि’ ऱ्हस्व आणि ‘नी’ दीर्घ. मी आठवीनंतर शाळा सोडली असली तरी एवढ्यासाठी कोणी हसू नये म्हणून सभागृहाच्या फलकावरून ताडून घेतलं आहे.) आमच्या स्वामी ऊर्ध्वानंदजींनी त्यांच्या कपाळाला अंगठा लावला आणि त्यांच्या पाठीच्या कण्यातून, ते सांगतात त्याप्रमाणे, तोफेचा गोळा सुटावा तशी ती वर गेली. चहा यायच्या आत सगळं आटोपलं. तेव्हापासून त्यांचं ठाम मत आहे की ज्या माणसाच्या शक्तीला स्वतःच्या पाठीचा एवढासा चढ चढवत नाही, तो संसाराचा डोंगर काय चढणार? म्हणून जावई जागा झालेलाच हवा, आणि तोही महाशिवरात्रीच्या आत. सुबेदारीणबाई म्हणाल्या, “अहो, पोराला पगार किती ते विचारा. त्याच्या पाठीत काय चाललंय त्याच्याशी आपल्याला काय करायचंय?” सुबेदार म्हणाले, “तू मध्ये बोलू नकोस. तुझी अजून तळाशी घोरतेय.” विषय तिथे संपला. शिवाय दुसरं स्थळ तयार होतंच. टिहरीचा एक कंपाउंडर आहे, प्रेमलाल उनियाल. आपली शक्ती नाभीपर्यंत चढलेली असून पुढचं काम चालू आहे, असं त्यानं आंतर्देशीय पत्रातून कळवलं होतं.

मग मी बसलो, मामा. कोठीवर घोंगड्या, आसनं आणि उशा देण्याघेण्याचं माझं काम आटोपून मी पहाटे सभागृहात जाऊन भिंतीपाशी बसायचो. मूलाधारापाशी साप साडेतीन वेटोळी घालून झोपलेला आहे असं ध्यान करायचं असतं. मी एवढं मन लावून ध्यान केलं की मला सापाची दया येऊ लागली. इतक्या थंडीत कोणी आपल्यालाही उठवू नये असं वाटतं, मग त्याला का उठवायचं? माझे पाय मात्र नियमानं झोपायचे. आजूबाजूला सगळ्यांना काही ना काही होत होतं. देहरादूनचे निवृत्त पोस्टमास्तर घोड्यासारखे खिंकाळायचे. हॉलंडच्या एक बाई कोंबडा आरवावा तसा आवाज काढायच्या, आणि तो इतका हुबेहूब असायचा की मागच्या गल्लीतले कोंबडे उत्तर द्यायचे. कोणाला प्रकाश दिसे, कोणाला घंटा ऐकू येई. मला एकदा पाठीवरून मुंग्या चढल्यासारखं वाटलं. हे मोठं लक्षण आहे असं पुस्तकात आहे. मी श्वास रोखून बसलो, मुंग्या कंबरेपासून मानेपर्यंत आल्या, आनंदानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्या मुंग्याच होत्या. माझ्या मागच्या कोनाड्यात कोणीतरी प्रसादाचा गूळ ठेवला होता. स्वामीजींनी दोनदा माझ्या कपाळावर मोरपिसांचा झाडू फिरवला, मला शिंका आल्या. ते रागावले नाहीत, ते रागावत नाहीत. नुसते म्हणाले, “बाळा, शक्ती तुझ्या दारापर्यंत येते, आणि आत कोणी नाही असं समजून परत जाते.” हे वाक्य मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही आईला सांगू नका.

सुबेदारांनी मग मला स्वतः तयार करायचं ठरवलं. रोज संध्याकाळी मला त्यांच्या अंगणात, म्हशीच्या समोर, चटईवर बसवायचे आणि मागे उभे राहून हुकूम सोडायचे. “मूलाधार, सावधान! श्वास भर! कंबर ताठ! आता वर! चाल!” आणि घोड्याची पाठ तपासावी तसा माझ्या कण्यावरून हात फिरवून विचारायचे, “इथवर आली?” “नाही जी.” “इथे काही गरम?” “नाही जी, गार आहे.” “गार आहे म्हणजे काय? तू तिला हुकूम देतोस की विनवण्या करतोस?” मी विनवण्याच करत होतो. त्यांच्या आज्ञेवरून मी कांदा सोडला, लसूण सोडला, मूगडाळीची खिचडी खाऊन इतका हलका झालो की पुलावरच्या वाऱ्याची भीती वाटू लागली.

दमयंती सकाळी आश्रमाला दूध घालायला येते. कोठीच्या अर्ध्या दारावर किटली टेकवून रोज विचारायची, “काय हो, उठली का?” मी म्हणायचो, नाही. ती म्हणायची, “आमची म्हैससुद्धा अशीच बसते. पण शेपूट पिरगाळली की उठते. तुमची तर सापीण आहे म्हणतात, म्हणजे सगळी शेपूटच. पिरगाळून तर बघा!” मी तिला समजावायचो की हा थट्टेचा विषय नाही. पण एक दिवस तिनं फडक्यात बांधून मंडुव्याची भाकरी आणि भांगजिऱ्याची चटणी आणली, मी खात असताना माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “तुमची हाडं दिसायला लागली. हे बघा, शिवरात्रीला सगळ्यांसमोर थोडं थरथरा. दोन उड्या मारा. कोण आत डोकावून बघणार आहे? त्या टिहरीवाल्यानं नाभीपर्यंत लिहून पाठवलं, कोणी जाऊन बघितली त्याची नाभी?” मी म्हटलं, हे पाप आहे. ती म्हणाली, “मग मी जन्मभर आयोडीनचा वास घेत झोपायचं हे पुण्य आहे का?” मी कोठीत दार लावून थरथरायचा सराव केला. किती थरथरलं म्हणजे पुरे, खांद्यापासून सुरुवात करावी की गुडघ्यापासून, मध्ये थांबलं तर चालतं का, हे कुठेच लिहिलेलं नाही. घोंगड्यांची चळत अंगावर पडली आणि आवाज ऐकून आचारी आला. मला हिवताप भरला असं समजून त्यानं चिरायत्याचा काढा माझ्या घशात ओतला.

आता शिवरात्रीचा दिवस. सकाळची वेळ, सभागृह गच्च भरलेलं. पुढच्या रांगेत सुबेदार, छातीवर पदकं लावून. बायकांच्या बाजूला सुबेदारीणबाई आणि दमयंती. स्वामीजी धुनीपाशी. मी मधोमध, नवं धोतर नेसून, मनात ठरवून बसलेलो की शंख वाजला की सुरुवात करायची, आधी उजवा खांदा. शंख वाजला. आणि मामा, नेमक्या त्याच वेळी बाहेरच्या रस्त्यानं ढोल आला. तुमच्याकडच्या खोऱ्यातली नरसिंहदेवाची डोली पर्वणीच्या गंगास्नानाला आली होती. पुढे ढोल-दमाऊ, मागे रणशिंग. तो ताल तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या लहानपणी आजोळी मी त्याच तालावर झोपायचो आणि त्याच तालावर जागा व्हायचो. मी मनात म्हणत होतो, खांदा, आता खांदा हलव. पण खांदा आधीच हलत होता. खोटं सुरू करायच्या आतच खरं आलं. अंगावर काटा उभा राहिला, शेंडीपासून खाली थंड पाण्याची धार उतरल्यासारखं वाटलं आणि शेवटचं मला जे आठवतं ते एवढंच की स्वामीजी दोन्ही हात वर करून ओरडत होते, “उठली! उठली!” आणि सुबेदार रडत रडत सलाम करत होते.

पुढचं मला इतरांनी सांगितलं. मी बसल्या जागेवरून उडी मारून धुनीपाशी गेलो, तिच्यात लाल झालेला चिमटा हातानं उचलला आणि तीन वेळा जिभेवरून फिरवला (फोडाचं आणि जिभेचं कारण ते हेच). मग ओंकार वगैरे न म्हणता, जाड्या आवाजात, तुमच्या सौडगावच्या बोलीत विचारलं की माझे तांदूळ कुठे आहेत. त्यावरून सगळ्या सभागृहाला कळलं की हा नरसिंहदेव अंगात आला आहे. योगाच्या वाटेनं वर चढणारी शक्ती तांदूळ मागत नाही. आपल्याकडच्या सगळ्या बायका डोक्यावर पदर आणि ओंजळीत तांदूळ घेऊन देवाला प्रश्न विचारायला पुढे धावल्या. पोस्टमास्तर खिंकाळणं मध्येच सोडून हात जोडून आले आणि अडकलेल्या पेन्शनीबद्दल विचारू लागले. हॉलंडच्या बाईंनीही ओंजळ पुढे केली. देवानं त्यांना सांगितलं म्हणे, “घरी जा, आई वाट बघतेय.” त्यांना ते कोणीतरी भाषांतर करून सांगितल्यावर त्या खाली बसून ओक्साबोक्शी रडल्या आणि काल खरंच निघून गेल्या. (त्यांच्या नावावर दोन उशा होत्या, त्या परत आल्या आहेत.) स्वामीजी शांत व्हा म्हणाले, तेव्हा मी त्यांच्या पाठीवर आशीर्वादाची थाप मारली. आपला देव थाप मारतो ती कशी मारतो तुम्ही जाणता. ते आसनावरून पुढे गेले.

आपल्या मुलुखाबाहेरच्या कोणाला हे खरं वाटणार नाही, पण त्यानंतर दुपारभर तिथे वाद झाला तो मी वेडा आहे की शहाणा यावर नाही. वाद झाला तो दिशेवर. स्वामीजींचं म्हणणं असं की कुंडलिनी खालून वर जाते, आणि हे जे काही होतं ते वरून खाली आलं, तेव्हा याला जागृती म्हणता येत नाही, याला आगंतुक म्हणावं. पोस्टमास्तर म्हणाले की टपाल वरून आलं काय नि खालून आलं काय, पोचल्याशी कारण. सुबेदारांनी मला एका बाजूला घेतलं. त्यांचा आवाज दुःखी होता. “मी तुला काय हुकूम दिला होता? वर. मी दहा वेळा म्हटलं होतं, वर.” मी म्हटलं, “हो जी.” ते म्हणाले, “मग खाली कशाला आणलीस?”

पण हेसुद्धा मी सहन केलं असतं. सुबेदारीणबाई उलट खूष होत्या. घरी येणाऱ्या जावयाच्या अंगात देव येतो म्हणजे बाहेरच्या बुवाला विचारायची गरज नाही, असं त्यांनी दोघी-तिघींना सांगितलंही होतं. त्यांनीच घात केला. देव अंगात असतानाच त्यांनी दमयंतीच्या हातात तांदूळ दिले, तिला पुढे ढकललं आणि विचारलं, “परमेश्वरा, हिची गाठ कोणाशी?” म्हणतात की मी दमयंतीकडे बराच वेळ बघितलं, तिच्या तळहातावरचे तांदूळ उचलून परत टाकले, आणि माझ्याच या तोंडानं, शंभर माणसांसमोर बोललो, “उत्तरेकडून येईल. गोरा. डोळ्यांवर काचा.”

मामा, प्रेमलाल उनियाल गोरा आहे. प्रेमलाल उनियाल चष्मा लावतो. टिहरी इथून उत्तरेला आहे. (मी नकाशा बघितला. किंचित पूर्वेकडे आहे, पण तेवढ्यानं कोण ऐकणार?) माझा रंग तुम्हाला माहीत आहे. माझे डोळे इतके चांगले आहेत की मला नदीपलीकडच्या घाटावरच्या चपला मोजता येतात. सुबेदारांनी शिवरात्रीच्याच संध्याकाळी टिहरीला तार केली. देवाचा शब्द आहे, आता विचारपूस कसली, असं म्हणाले. पुढच्या गुरुवारी तो पिठाई लावून लग्न पक्कं करायला येतोय. मला त्यांनी प्रेमानं बोलावून सांगितलं की पिठाईला तूही ये, तुझ्यामुळेच जमलं. कोणी माझं वाईट केलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो. पण कोणाशी भांडू? स्वामीजींनी मला सभागृहात पाऊल टाकायला बंदी केली आहे, कोठीवर मात्र ठेवलं आहे, कारण घोंगड्यांचा मेळ दुसऱ्या कोणाला लागत नाही. गल्लीतल्या बायका कोठीच्या दाराशी तांदूळ घेऊन येतात. एकीची म्हैस हरवली आहे. मी त्यांना म्हणतो की मी फक्त विद्यादत्त आहे. त्या म्हणतात, “असू दे, आम्ही थांबतो.”

म्हणून हे पत्र. तुम्ही जागरी आहात. तुमच्या डौंराच्या आणि थाळीच्या तालावर देव येतो, तुमच्याशी बोलतो, तुमचं ऐकतो, हे चार खोऱ्यांत सगळ्यांना ठाऊक आहे. आणि हा देव तर तुमच्याच गावचा. आई गावची लेक, ध्याण म्हणून सासरी आली तेव्हा तिच्यामागून आला असेल आणि इतकी वर्षं आमच्या घरात गप्प बसून माझ्याकडे बघत असेल. माझी पदर पसरून विनंती आहे की हे पत्र मिळताच डौंर, थाळी आणि थाळी वाजवणारा माणूस घेऊन निघावं. मला समोर बसवा, देवाला माझ्या अंगात बोलवा आणि त्याला नीट विचारा की बाबा, ज्याच्या अंगात आलास त्याचंच घर का बुडवलंस? तो रागीट आहे. पण तुमच्या शब्दाला तो मान देतो. त्याला शब्द बदलता येत नसेल तर निदान थोडा सैल करून मागा.

इथे थंडी अजून आहे. गंगेचं पाणी हिरवं आहे. मामींनी तेल चोळायला विसरू नये.

तुमचा, देवाधर्मानं टाकलेला,
विद्यादत्त सेमवाल

ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, ते पुन्हा उघडावं लागलं. आत्ता चार वाजता दमयंती आली होती. ही तिची दुधाची वेळ नव्हे. दारावर किटलीही नव्हती, हात टेकून उभी राहिली. डोळे सुजलेले होते, पण बोलणं नेहमीचंच. म्हणाली, “काय देवा, भरलं का पोट?” मी मान खाली घातली. मग म्हणाली, “वर बघा. देव खोटं बोलत नाही ना?” मी म्हटलं, नाही. “त्यानं टिहरी म्हटलं?” नाही. “कंपाउंडर म्हटलं?” नाही. “मग तुम्ही सगळे कशाला म्हणता? मामा तुमचे कुठे राहतात?” मी म्हटलं, सौडला, वर. “वर म्हणजे कुठे? नकाशे बघत बसता ना दिवसभर?” मी म्हटलं, उत्तरेला. “मामा चष्मा लावतात?” मी म्हटलं, वाचताना. ती म्हणाली, “मग तो चष्मा आणा मागून आणि बुधवारच्या आत त्या वाटेनं खाली या. आमचे बाबा फौजी आहेत. आधी पोचेल त्याची चौकी.” मी रंगाचं विचारलं. ती जाता जाता वळून म्हणाली, “हळद लावल्यावर काळा कोण राहतो?”

ता. क. २. तेव्हा वर जे लिहिलं आहे ते सगळं रद्द समजावं. डौंर आणू नये. थाळी आणू नये. तुम्ही मात्र माझ्याबरोबर खाली यायचंच आहे, वडीलधारं कोणीतरी पाहिजे, फक्त हात मोकळे ठेवून या. वरातीलाही ढोल नको, हे आईला तुम्हीच समजावून सांगा, माझ्यानं होणार नाही. ढोलाशिवाय वरात म्हणजे ती छाती बडवून घेईल. पण ढोल वाजला आणि ऐन मांडवात कोणी माझ्यासमोर तांदूळ धरले तर?

ता. क. ३. वरची टपालाची थैली उद्या सकाळच्या बसनं जाते आणि त्याच बसमध्ये मीही बसणार आहे. म्हणजे हे पत्र तुम्हाला बहुतेक मीच हातात देईन. तरी ते माझ्यासमोर शेवटपर्यंत वाचावं, चष्मा मग काढून द्यावा, आणि तोवर मला काही विचारू नये. तोंडी सांगण्याचा मला आता भरवसा राहिलेला नाही.